परसातल्या गजाली : उघडीप तुम्हाला, मातीला नव्हे

चवथीची माटोळी (गोव्यात गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) उतरवून झाली की आमच्या घरात एक वाद ठरलेला. सुपारीचे घोस, तोरिंग, आंबाडे शेजारीपाजारी पोचते होतात, माटोळीची चौकट परत माळ्यावर जाते आणि आमचे हे खुरपे घेऊन परसात उतरतात. पावसाने उघडीप दिली, आता वायंगणी, म्हणजे पावसानंतरची, भाजी पडायला हवी, हे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे, उघडीप तुम्हाला मिळाली, मातीला अजून मिळालेली नाही. चार महिने जिच्यावरून पाणी वाहिले तिला निदान अंग पुसायला तरी वेळ द्या. या वादात मी एकदाच हरले, त्याची किंमत ४० रोपे. ती गोष्ट पुढे येईलच.

या महिन्याच्या टपालातही सगळीकडे तीच घाई दिसली. फोटोही पुष्कळ आले. एक तर इतक्या जवळून काढलेला की तो पानाचा आहे की लुगड्याचा, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. फोटो पाठवताना कृपया अख्खे झाड दिसू द्या, आणि शक्य झाल्यास बुंध्याजवळची माती.

बाई, आम्ही वास्कोची भाड्याची खोली सोडून मे महिन्यात शिरोड्याला गावच्या घरी राहायला आलो. पावसात परस इतके हिरवेगार होते की काही पेरायची गरजच वाटली नाही. आता वाफे करून मुळा पेरला, नवलकोलाची रोपे लावली, तर पाने पिवळी आणि वाढ जागच्या जागी. दुकानदार युरिया घाला म्हणतो. घालू का?

युरिया नको. आठ दिवस पाने हिरवी दिसतील, तुम्ही खूश व्हाल, आणि माती आहे त्याहून आंबट होईल.

पावसात जे हिरवेगार होते ते तण. आपल्या मातीत हजारो वर्षे मुरलेले, तिच्या आंबटपणाला सरावलेले. नवलकोल बिचारा पाहुणा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शाळेत शिकवताना मी मुलांना सांगायची, हे पाणी जिथल्या तिथे साठले असते तर अंगणात दहा फूट उभे राहिले असते. ते साठत नाही, मातीतून झिरपून जाते, आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, नत्र, जे जे विरघळेल ते घेऊन जाते. मागे उरते लोह आणि ॲल्युमिनियम. मातीचा तांबडा रंग लोहाचा. आंबटपणा येतो तो कॅल्शियम, मॅग्नेशियम निघून गेल्यामुळे. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी तुमचे घर बांधले आहे तो याच धुलाईतून तयार झाला. अशा मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असला तरी लोहाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो, मुळांच्या हाती लागत नाही. ताट वाढलेले आहे, पण ते फडताळात, आणि फडताळाला कुलूप.

कुलपाची किल्ली म्हणजे चुना. पानाला लावतो तो नव्हे, तो दाहक असतो, कोवळी मुळे भाजतात. शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिळतो, तो आणा. किती घालायचा हे खरे तर माती तपासूनच ठरवावे. तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना कुठे द्यायचा ते सांगतील. नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करून पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करा, खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडा, सगळी एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो द्या. राख टाकता ती जागा, गोठ्याच्या बाजूची जागा वगळा, नाहीतर अहवाल गोठ्याचा येईल. अहवाल येईपर्यंत अगदीच राहवत नसेल तर एका चौरस मीटरला दोन मुठी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, मातीत नीट मिसळा. त्यानंतर दोन-तीन आठवडे काही लावू नका. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. मी घातले होते एकदा. नाकाला झोंबणारा जो वास सुटला तो माझ्या खतातले नत्र हवेत चालल्याचा होता.

आमच्या सासूबाई तिसऱ्यांचे शिंपले केरात टाकू देत नसत. धुऊन, वाळवून, कांडून ते आळूच्या आणि लिंबाच्या बुडाशी जात. शिंपला हा चुनाच, फक्त सावकाश विरघळणारा. जितका बारीक कांडाल तितका लवकर लागू पडतो. अख्खे शिंपले पुरले तर ते तुमच्या नातवंडांच्या भाजीला उपयोगी पडतील.

आता लागलेल्या रोपांचे काय? मुळा उपटून टाका, त्याला उभारी येणार नाही. नवलकोलाला बुडापासून चार बोटे लांब कुजलेले शेणखत आणि चिमूटभर चुलीची राख द्या. राखेत चुन्याचा अंश असतो आणि पालाशही. चिमूटभर म्हटले आहे, ओंजळभर नव्हे.

हे सगळे मोरडीच्या, म्हणजे चढावरच्या तांबड्या मातीसाठी. तुमच्यातले कोणी दिवाडी-चोडणच्या बाजूला खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीला, लागून राहत असतील तर त्यांनी हे वाचून चुना आणायला धावू नये. तिथले दुखणे खारेपणाचे. पावसाने मीठ खाली धुतलेले असते, म्हणून आत्ता सगळे बरे येते, आणि उन्हे चढली की मीठ परत वर येते. तिथे माती उघडी न ठेवता वाळल्या गवताने झाकणे आणि भाजी लवकर आटोपणे हेच चांगले.

माझ्या वांग्यांना काय होते तेच कळत नाही. सकाळी ताजी, दुपारी मान टाकतात, संध्याकाळी परत उभी. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवीच्या हिरवी मरतात. पाणी वाढवले तर आणखी लवकर मेली. शेजारीण म्हणते नजर लागली. (मडकई)

शेजारणीला म्हणावे नजर नव्हे, मर रोग. पण आधी खात्री करून घ्या. आताच कोमेजलेले झाड उपटून बुडाजवळचा बोटभर देठ धारदार सुरीने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेले टोक पाण्यात बुडेल असा देठ दोऱ्याने लटकवा. पेला हलवू नका, मागे काळा कागद धरा. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर तो जिवाणू. रालस्टोनिया त्याचे नाव. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत तो असा दाटतो की मुळाशी ओल असूनही शेंड्याला पाणी पोचत नाही. म्हणून दुपारी मान पडते. आणि म्हणूनच पाणी वाढवणे म्हणजे पाण्याबरोबर त्याला शेजारच्या झाडाकडे पोचवणे. धार दिसली नाही तर मूळ चिरून पाहा, कदाचित बुरशी असेल किंवा मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी.

आता ४० रोपांची गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी ह्यांनी चवथ होते न होते तोच एका रोपवाटिकेतून वांग्याची रोपे आणली. तजेलदार, जाड देठाची, बघूनच घ्यावीशी वाटणारी. मी थांबा म्हणत होते आणि हे वाफे ओढत होते. शेवटी मीही पदर खोचला, कारण इतकी चांगली रोपे पिशवीत सुकलेली मला बघवेनात. सप्टेंबरची माती ओलीचिंब आणि वरून चटका, या जिवाणूला याहून सुखाचे काही नाही. दसऱ्यापर्यंत ४०च्या ४० गेली. रोपांतूनच रोग आला की आमच्या मातीत होता, हे आजही सांगता येणार नाही, कारण त्याच वाफ्यात आदल्या वर्षी मिरची होती. ती अर्धी मेली होती आणि आम्ही पावसाला बोल लावून मोकळे झालो होतो.

मेलेल्या झाडांचे खत करू नका, मुळांभोवतीच्या मातीसकट काढा आणि जाळा. खुरपे धुऊन मगच दुसऱ्या वाफ्यात न्या. त्या वाफ्यात निदान तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांपैकी काही नको. ही सगळी एकाच कुळातली. आलेही नको. मका, अळसांदे (चवळी), भेंडी, काकडी, दोडकी चालतील. दसऱ्याला लागतात ती रोजां लावलीत तरी चालेल. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी, आमची रोजां म्हणजे तुमचा झेंडू, गुलाब नव्हे.) वांगी हवीच असतील तर दुसऱ्या जागी, उंच वरंब्यावर, चुना घालून झाल्यावर आणि रात्री जरा गार होऊ लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये लावा. जुने गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. मर सोसणाऱ्या वांग्यांवर तिथे काम झालेले आहे. रोपे किंवा बी मिळेल का हे आधी फोन करून विचारा, वाट वाकडी करून रिकाम्या हाताने परतू नका. दुसरा मार्ग कलमाचा. काटेरी रानवांग्याच्या खुंटावर आपले वांगे चढवतात. त्याची मुळे या रोगाला दाद देत नाहीत. कुळागरात कलमे बांधणारा जाणता माणूस ओळखीचा असेल तर हे काम त्याला अवघड नाही.

आगशीचे वांगे आणि ताळगावचे वांगे यांचे लोक इतके कौतुक करतात, पण ती वांगी भातकापणी झाल्यावर लावली जातात हे सोयीस्कर विसरतात. तिथल्या शेतकऱ्यांनी कॅलेंडर बघून नव्हे, शेत बघून हा वेळ ठरवला.

पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरी उत्तरेकडे. मे महिन्यात तिथे कडक ऊन पाहिले म्हणून गणपतीनंतर टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या १२ कुंड्या मांडल्या. रोपे उंच, पोपटी आणि लवलवीत झाली, फूल एकही नाही. खत कमी पडते का?

खत नव्हे, सूर्य कमी पडतो, आणि यात तुमची चूक नाही, भूगोलाची आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. म्हणून तुम्हाला मेमध्ये गॅलरीत ऊन दिसले. त्यानंतर दुपारी तो दक्षिणेला सरकतो, आणि २३ सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तर दिवसभर तुमच्या गॅलरीकडे पाठ फिरवून बसतो. गंमत अशी की जेव्हा तो तुमच्या बाजूला असतो तेव्हा मे सोडला तर ढग असतात. उत्तरेच्या गॅलरीचे नशीबच तसे.

टोमॅटोला रोज निदान सहा तास थेट ऊन लागते. इमारतीची गच्ची वापरायला मिळत असेल तर सोसायटीशी गोड बोलून चार कुंड्या वर न्या, आणि खाली ताट ठेवा, गळतीवरून भांडणे होतात. नाहीतर या गॅलरीत टोमॅटोचा नाद सोडा. पुदिना, ओवा, नागवेल, आळू, कढीपत्ता (हळू वाढेल, पण जगेल) ही मंडळी सावली सोसतात. मेथी आणि कोथिंबीर पाने खाण्यापुरती येतात. तुमच्याकडे दुसरी खिडकी दक्षिणेला असेल तर मात्र आत्ताच तिथे जागा अडवा. येते पाच महिने ती खिडकी सोन्याची.

आणि कुंड्यांची भोके तपासा. पावसात माती खाली बसून भोके बुजतात. कुंडी उचलून बघा. ती अनपेक्षितपणे जड लागली तर आत पाणी साठले आहे.

संध्याकाळ झाली की परसात मोठमोठ्या गोगलगायी फिरतात. एका रात्रीत पपईची रोपे, झेंडू, मिरची सगळे भुईसपाट. मीठ टाकले तर जागाच खराब झाली. (फातोर्डा)

ही आपली गावठी गोगलगाय नव्हे. ही आफ्रिकेहून जगभर पसरलेली, हाताच्या पंज्याएवढी होऊ शकणारी जात. तिच्यात नर-मादी असे वेगळे नसते, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि एका खेपेला शेकड्याने घालते. मऊ मातीत बोटभर खाली पिवळसर, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी अंडी सापडली तर ती हिचीच.

पावसात सगळे तक्रार करतात आणि ऑक्टोबरात विसरतात. माझ्या मते खरी मोहीम आत्ताची. पाऊस संपत आला की ती दगडांखाली, सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात, कुंड्यांच्या बुडाशी शिरते, शंखाच्या तोंडाला पडदा लावून घेते आणि पुढच्या जूनपर्यंत निजते. आज निजण्याआधी एक उचललीत तर जूनमध्ये शंभर कमी. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, हातमोजे घाला. नुसत्या हाताने उचलू नका, हिच्या अंगात मेंदूला इजा करणारा सूक्ष्म कृमी असू शकतो. मुलांना खेळायला देऊ नका आणि परसातली पालेभाजी नीट धुऊनच खा. बादलीत मीठ आणि पाणी घ्या, गोगलगायी त्यात टाका, मग खड्डा करून खोल पुरा. मीठ बादलीत, मातीत नाही. मातीत टाकलेले मीठ गोगलगायीपेक्षा तुमच्या मिरचीला आधी मारते, हे तुम्ही अनुभवलेच.

वेचायचा कंटाळा असेल तर गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरा, त्याखाली पपईची पाने नि भाजीची देठे ठेवा. सकाळी गोणपाट उचला, बैठक भरलेली असेल. राखेचा किंवा चुन्याचा पट्टा ओढतात तो कोरडा असेपर्यंतच कामाचा, एक सर आली की संपला. दुकानात गोळ्यांच्या रूपात विष मिळते. घरात कुत्रा, मांजर किंवा रांगते मूल असेल तर ते आणू नका, कुत्री ते आवडीने खातात.

तांबडी भाजी पेरली. अर्धे बी मुंग्यांनी नेले, जे उगवले त्याच्या पानांखाली पांढरे फोड आले. खायची की टाकायची? (डिचोली)

फोड बुरशीसारख्या एका रोगाचे. माणसाला अपाय नाही, पण ती भाजी कोणी ताटात वाढली तर मी खाणार नाही. फोड आलेली पाने काढून जाळा, बाकीची भाजी लवकर उपटून संपवा. हा रोग पानावर ओल रेंगाळली की वाढतो. तुम्ही बी दाट फेकलेत आणि पाणी संध्याकाळी वरून झारीने देता, असा माझा अंदाज. चूक असेल तर कळवा. तांबड्या भाजीचे बी मोहरीहून बारीक. एक चमचा बियांत चार चमचे कोरडी रेव मिसळून फेकले तर सारखे पडते. वरून मातीचा जाड थर नको, हात फिरवला की पुरे. पेरल्यावर वाफ्यावर चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) अंथरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसले की लगेच उचला. मुंग्यांसाठी आमच्याकडे वाफ्याच्या कडेला तांदळाच्या कण्या टाकतात. मुंग्या आधी ते ओढत बसतात. हे शास्त्र नव्हे, लाच आहे, पण चालते. पाणी सकाळी द्या. २५ ते ३० दिवसांत भाजी काढायला येते, म्हणून सगळा वाफा एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरलात तर नाताळपर्यंत ताजी मिळेल.

कुंडीत खोला मिरची लावायची आहे. आता बी पेरू का? शिवाय माझ्या साध्या मिरचीची पाने चुरडली आहेत. (म्हापसा)

खोला मिरची काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते. तिचे भौगोलिक मानांकन त्याच जागेचे आणि त्याच हंगामाचे. रोपे मृग लागताना डोंगरावर चढतात आणि मिरची पाऊस सरता सरता उतरते. कुंडीत आता लावलीत तर झाड येईल, मिरचीही येईल. तिला खोला म्हणायचे की खोल्याच्या बियांची मिरची म्हणायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. मी तरी बी जपून ठेवून मेअखेरीस पेरीन.

चुरड्याचे म्हणाल तर पान उलटसुलट करून नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखे झाले असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल आणि देठ लांबले असतील तर कोळी. दोन्ही डोळ्यांना जेमतेम दिसतात. शेंडे खुडून टाका. फुलकिड्यांना निंबोळी तेल ५ मिलि, एक लिटर पाणी आणि चार थेंब साबणाचे, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. कोळ्याला पाण्यात मिसळणारे गंधक लागू पडते, पण भर उन्हात नको आणि तेल फवारल्यावर दोन आठवडे नको, पाने जळतात. पाने लहान, पिवळट, गुच्छासारखी होत असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड काढा.

आमचा मानकुराद गेल्या वर्षी मोहरलाच नाही. डिसेंबरात छान कोवळी पालवी आली. नोव्हेंबरपासून आम्ही न चुकता पाणी घालत होतो. (साळगाव)

तेच तर. आंब्याला मोहरायला थोडे उपासाचे दिवस लागतात, कोरडी माती आणि गार रात्री. तुम्ही लाडाने पाणी पाजलेत, त्याने पालवी काढली. या वर्षी पाऊस गेला की नळी गुंडाळून ठेवा, कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत मोठ्या झाडाला पाणी नको. फांद्यांवर बांडगूळ असेल तर आत्ता, त्याला फळे धरण्याआधी, ते चिकटले आहे त्याच्या वीतभर खालून फांदीसकट कापा. नुसते ओरबाडले तर परत फुटते. बाकी एक वर्ष आड धरणे ही आंब्याची जुनी सवय आहे, तिला माझ्याकडे इलाज नाही.

माकडे! (वाळपई)

पत्रात एवढाच शब्द होता, आणि मला तो पूर्ण समजला.

मारायचे नाही, विष घालायचे नाही. कायद्याने गुन्हा आहे आणि तसेही ते आपल्याला शोभत नाही. फटाके वाजवले तर पहिल्या आठवड्यात पळतात, दुसऱ्या आठवड्यात बघायला येतात. आमच्याकडे बुजगावण्याच्या खांद्यावर बसून एकाने पेरू खाल्ला. जे टिकले ते सांगते : हळद, आले, सुरण, आळू, कारली, लिंबू. केळी नि पपई हवी तर घड धरताच जाड जाळीची पिशवी बांधा आणि थोडे हिरवेच उतरवा. दुधी, तवशी, शेंगा त्यांच्या नावाने लिहून द्या.

बाई, मी सातवीत आहे. दिवाळीला आई कारीट बाजारातून विकत आणते. आजी म्हणते पूर्वी ती कुंपणावर फुकट मिळायची. आमच्या परसात लावता येतील का? (सावर्डे)

येतील की, पण या दिवाळीला नाही, पुढच्या. कारीट हा काकडीच्या कुळातला रानटी वेल. पहिल्या पावसात उगवतो, कुंपणावर चढतो आणि बरोबर दिवाळीच्या आसपास फळे देतो. आजी म्हणते ते खरे आहे. कुंपणे गेली, चिऱ्यांच्या भिंती आल्या, आणि जून लागला की लोक गवत कापायच्या यंत्राने कडेचे सगळे साफ करतात, त्यात उगवलेला वेलही जातो.

तू असे कर. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीसमोर पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडलेस की ते तसेच टाकू नकोस. घरातल्या सगळ्यांची चिरडलेली कारिटे एका वाटीत गोळा कर. त्यातली पिकून पिवळी पडलेली निवड, हिरव्यांचे बी कच्चे असते. गर पाण्यात दोन दिवस राहू दे, थोडा वास येईल, आईला आधी सांगून ठेव. मग चोळून धू. पोचट बी वर तरंगेल, ते ओतून टाक. तळाशी बसलेले सावलीत वाळव, त्यात मूठभर राख घाल, कागदाच्या पुडीत बांध आणि पुडीवर तारीख लिही. पुढच्या जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले की कुंपणाशी, ऊन येते अशा जागी, बोटाच्या पेराएवढे खोल पाच-सहा ठिकाणी पेर. वेल चढायला जुनी चुडते किंवा काटक्या उभ्या कर. खत नको, नुसताच पाला माजेल. आणि बाबांना, किंवा गवत कापायला येतात त्यांना, तिथे एक काठी रोवून लाल फडके बांधून दाखव.

चव कशी लागते म्हणून बघायचे असेल तर जिभेला जरासे लाव. मी तुझ्याएवढी असताना पैजेवर अख्खे चावले होते. दिवाळीचे गोड पोहे मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कडू लागत होते.